स्वतःला विसरलेली माणसे



सूरह अल-हश्रच्या अखेरच्या तीन आयती आपल्यापैकी अनेकांच्या घरी फज्रच्या नमाजनंतर नित्यनेमाने पठण केल्या जातात. त्यांच्या थोडे आधी, अठराव्या आणि एकोणिसाव्या आयतीत, श्रद्धावंतांना एक आज्ञा व तिला लागूनच एक इशारा दिलेला आहे. आज्ञा अशी की प्रत्येक जिवाने उद्यासाठी आपण काय पुढे पाठविले आहे ते पाहावे. इशारा असा की ज्यांनी अल्लाहला विस्मरणात टाकले आणि त्याचा परिणाम म्हणून अल्लाहने ज्यांना स्वतःचाच विसर पाडला, अशा लोकांसारखे तुम्ही होऊ नका.

या इशाऱ्यापाशी मी पुष्कळ वर्षे अडखळत होतो. मनुष्य अल्लाहला विसरतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु तो स्वतःला कसा काय विसरेल? स्वतःचे नाव, गाव, बँकेतील शिल्लक, कोणी कधी कोणता अपमान केला, हे सारे तर त्याच्या चांगले लक्षात असते. मग विसरतो ते नेमके काय?

याचे उत्तर मला एखाद्या तफसीरच्या पानावर मिळण्याआधी माझ्याच घरात मिळाले. तो प्रसंग सांगताना आजही संकोच वाटतो, तरी सांगतो.

माझे हार्डवेअरचे एक लहानसे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे माझी बरीच रक्कम थकली होती. एके दिवशी संध्याकाळी मी ती मागितली, तेव्हा चार माणसांदेखत त्याने मला असे काही सुनावले की जणू उधारी त्याची नव्हे, माझीच होती. मी गप्प राहिलो. मोठे प्रकरण व्हायला नको, असा विचार केला आणि आपण फार संयमी आहोत असे मनाशी म्हणत मगरिबची नमाज जमातीने अदा केली. घरी आलो. मुलगी नववीत होती. तिने गणिताच्या चाचणीचा पेपर सहीसाठी पुढे केला. वीसपैकी सात गुण होते. त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळे येथे लिहिण्याजोगे नाही. वही भिरकावली, ती भिंतीवर आदळून तिची पाने सुटली. मुलगी काही न बोलता खाली बसून ती पाने गोळा करू लागली. माझ्या पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच विचारले, “आज दुकानात काय झालं?” मी म्हणालो, “काही झालं नाही. दुकानाचा इथे काय संबंध?”

वाचकहो, मी खोटे बोललो नव्हतो. त्या क्षणी मला खरोखरच तसे वाटत होते! तासाभरापूर्वी जे माझ्या छातीत जळत होते, ते मला दिसत नव्हते. ज्या मनुष्याने माझा अपमान केला त्याच्यावरचा राग मी एका चौदा वर्षांच्या मुलीवर काढला होता, आणि मला त्याचे नाव जबाबदार पालकत्व वाटत होते. इशाच्या नमाजमध्ये, सजद्यात असताना, त्या गिऱ्हाइकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला तेव्हा उलगडा झाला. स्वतःला विसरणे म्हणतात ते हेच. आपल्या आत काय चालले आहे त्याची वार्ता आपल्यालाच नसणे.

कुरआनने मानवी मनाच्या या लबाडीचे वर्णन सूरह अल-कियामहमध्ये केले आहे. या सूरहच्या आरंभी कियामतच्या दिवसाच्या शपथेबरोबरच दोष देणाऱ्या मनाची, म्हणजे ‘नफ्से लव्वामा’ची शपथ आहे, आणि पुढे चौदाव्या व पंधराव्या आयतींचा आशय असा की मनुष्य कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःच स्वतःविरुद्ध साक्षी आहे. पाहा, किती नेमके आहे! सबबी पुढे करणारा आणि आतून साक्ष देणारा, दोघेही एकाच देहात राहतात. माझ्या घरात त्या रात्री सबब मोठ्याने बोलत होती आणि साक्षीदाराला कोणी विचारीत नव्हते.

आपले धर्मविद्वान नफ्सच्या तीन अवस्था सांगतात आणि तिन्हींची नावे कुरआनातूनच घेतात. सूरह यूसुफमध्ये वाईटाकडे ओढणारे मन आहे, ते ‘अम्मारा’. सूरह अल-कियामहमधील दोष देणारे, ते ‘लव्वामा’. सूरह अल-फज्रच्या शेवटी ज्याला आपल्या पालनकर्त्याकडे परतण्याचे आमंत्रण मिळते ते समाधान पावलेले मन, ‘मुत्मइन्ना’. पुष्कळदा असे समजले जाते की ही माणसांची तीन वर्गवारी आहे: पापी, मध्यम आणि वली. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ही एकाच माणसाच्या एकाच दिवसाचीही कहाणी असू शकते. मगरिबच्या वेळी अम्मारा, इशाच्या सजद्यात लव्वामा. तिसरीची आशा आपण ठेवायची.

आता रागाचेच उदाहरण थोडे खोलात पाहू, कारण आपल्या घरांतील सर्वाधिक हानी त्यानेच होते. रागाच्या भरात उच्चारलेल्या एका शब्दाने उभे संसार मोडलेले आपण पाहिले आहेत. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. अबू बकरह (रजि.) यांच्या कथनाने एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी न्यायाधीशाला रागाच्या अवस्थेत दोन पक्षांमध्ये निवाडा करण्यास मनाई केली. फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, या हदीसवर विचार करताना प्रश्न केला की मनाई रागापुरतीच का? त्यांचे उत्तर असे की ज्या ज्या गोष्टीने मनाचा तोल जातो ती प्रत्येक गोष्ट याच हुकुमाखाली येते: तीव्र भूक, तहान, अनावर झोप, मोठे दुःख, एवढेच नव्हे तर अतिशय आनंदसुद्धा. म्हणजे काजीने आसनावर बसण्यापूर्वी पक्षकारांची कागदपत्रे पाहायची, पण त्याही आधी स्वतःला पाहायचे. मी जेवलो आहे का? मला झोप येते आहे का? माझ्या मनात कोणाविषयी काही सलते आहे का?

बंधू-भगिनींनो, आपण काजी नाही असे म्हणून ही हदीस बाजूला ठेवू नका. घरात आई-वडील दिवसातून दहा वेळा निवाडे करतात. सासू सुनेविषयी करते, मोठा भाऊ धाकट्याविषयी करतो, शिक्षक वर्गात करतो, मशिदीचा विश्वस्त सफेत खेळणाऱ्या पोरांविषयी करतो. त्या संध्याकाळी मी उपाशी होतो, अपमानित होतो, दिवसभर उभा राहून थकलो होतो. आणि त्याच अवस्थेत मी निवाडा दिला. ज्याने काजीच्या आसनावर बसूच नये असा मनुष्य त्या दिवशी माझ्या घरी काजी होता.

रागावलेल्या माणसाला स्वतःचा राग दिसत नाही, हे प्रेषितांच्या काळातही घडले आहे. ह. सुलैमान बिन सुरद (रजि.) यांचे कथन बुखारीत आहे. दोन माणसे प्रेषितांसमोर एकमेकांना शिवीगाळ करीत होती. त्यांतील एकाचा चेहरा लालबुंद झाला होता. प्रेषित (स.) यांनी सांगितले की मला असे एक वचन ठाऊक आहे जे या माणसाने उच्चारले तर त्याचा राग निघून जाईल, ते वचन म्हणजे सैतानापासून अल्लाहचा आश्रय मागणे. लोकांनी ते त्या माणसाला कळविले, तर तो उलट विचारतो, मला काय वेड लागले आहे? औषध हातात आणून दिले तरी रोगी म्हणतो की मला रोगच नाही! आश्रय मागण्याचे शब्द आपल्या सर्वांना पाठ आहेत. अडचण शब्दांची नाही, ‘मला आत्ता राग आला आहे’ हे वेळेवर कळण्याची आहे.

म्हणूनच हदीसमध्ये सांगितलेले उपाय शरीरापासून सुरू होतात. ह. अबू जर (रजि.) यांच्या कथनानुसार उभा असेल त्याने बसावे आणि त्यानेही राग न गेला तर आडवे व्हावे. दुसऱ्या एका कथनात राग आल्यास मौन पाळण्याचा आदेश आहे. अबू दाऊदच्या संग्रहात वुजू करण्याचाही उल्लेख येतो. त्या हदीसच्या सनदीविषयी हदीसशास्त्रज्ञांनी चर्चा केली आहे, पण ज्याने करून पाहिले आहे त्याला त्याचा लाभ माहीत आहे. उभ्याने बसायचे असेल तर ‘मी उभा आहे, माझ्या मुठी आवळल्या आहेत’ याचे भान आधी यावे लागते. शरीर ही मनाची पाटी आहे. आतले अक्षर आधी तिच्यावर उमटते. कानशिले तापतात, आवाज चढतो, श्वास तुटक होतो. ज्याने आपली ही लक्षणे ओळखून ठेवली, त्याला शब्द तोंडाबाहेर पडण्यापूर्वीची चार क्षणांची मुदत मिळते. पुष्कळदा तेवढी मुदत पुरते.

येथे एका गैरसमजाचा विचार केला पाहिजे. सूरह आले इमरानच्या १३४ व्या आयतीत राग गिळणाऱ्यांची व लोकांना क्षमा करणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. तेथे जो अरबी शब्द आहे त्याचे मूळ ‘कज्म’. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पखालीचे तोंड आवळून बांधणे, असा त्याचा अर्थ कोशकार देतात. आता विचार करा, पखालीचे तोंड बांधणाऱ्याला ती भरलेली आहे हे माहीत असते. तो तिला रिकामी म्हणत नाही. म्हणून राग गिळणे म्हणजे ‘मला रागच आलेला नाही’ असे स्वतःला पटविणे नव्हे. दुकानात त्या संध्याकाळी मी जे केले त्याला मी कज्म समजत होतो. प्रत्यक्षात मी भरलेली पखाल तशीच खांद्यावर टाकून, तिचे तोंड बांधल्याच्या समजुतीत, घरी चालत आलो होतो. वाटेत ती कोणावर तरी सांडणारच होती. शिवाय आयत राग गिळण्यापाशी थांबत नाही, पुढे क्षमा सांगते. गिळलेला राग क्षमेत उतरला नाही तर तो द्वेष होऊन वर्षानुवर्षे पोटात राहतो. बापाच्या जनाजाला एकत्र खांदा देऊन वाटणीपासून एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ कोणत्या मोहल्ल्यात नाहीत?

दुःखाचेही तसेच. कितीतरी घरांत मयतीच्या वेळी रडणाऱ्या माणसाला सब्र करा, सब्र करा असे म्हणून गप्प केले जाते. सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अलै.) यांच्या ‘सुंदर सब्र’चा उल्लेख आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुत्रशोकाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचाही आहे. आपले दुःख व व्यथा आपण केवळ अल्लाहपुढे मांडतो, असे ते आपल्या पुत्रांना सांगतात. म्हणजे सब्र करणाऱ्याला दुःख होते, ते त्याला माहीत असते, आणि ते कोठे मांडायचे हेही माहीत असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत होता, तेव्हा प्रेषितांचे डोळे भरून आले. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, तेव्हा त्यांनी ती करुणा असल्याचे सांगितले. डोळे अश्रू ढाळतात, अंतःकरण दुःखी होते, आणि जिव्हा मात्र पालनकर्त्याला पसंत असेल तेवढेच बोलते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय बुखारीत नोंदलेला आहे. डोळा, अंतःकरण आणि जिव्हा, तिघांचे काम त्यांनी वेगळे केले. बंधन फक्त जिव्हेवर घातले.

भावनेला तिच्या नावाने ओळखण्याचा प्रेषितांचा आणखी एक प्रसंग मला फार प्रिय आहे. ते आपल्या एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीने एका वाडग्यात अन्न पाठविले. ज्यांच्या घरी ते होते त्यांनी, आणि त्या ह. आयशा (रजि.) होत्या असे भाष्यकार सांगतात, अन्न आणणाऱ्याच्या हातावर फटका मारला. वाडगा पडून फुटला. पाहुणे बसलेले आहेत, अन्न जमिनीवर सांडले आहे, यजमान-पतीची केवढी शोभा! प्रेषित (स.) यांनी वाडग्याचे तुकडे स्वतः गोळा केले, त्यात अन्न भरू लागले, आणि उपस्थितांना एवढेच सांगितले की तुमच्या मातेला सवतीमत्सर वाटला. नंतर फुटलेल्या वाडग्याच्या बदल्यात धड वाडगा पाठवून दिला. भावनेला तिचे नाव दिले, झालेली नुकसानी भरून दिली, आणि माणसाला दोषी ठरवून चारचौघांत उभे केले नाही. माझ्या घरी पाने गोळा करण्याचे काम मुलीने केले होते, हे मला हा प्रसंग वाचताना दर वेळी आठवते.

आता भावनांकडून विचारांकडे वळू. पुष्कळ वाचक, विशेषतः तरुण मुले-मुली आणि घरात एकट्या पडलेल्या स्त्रिया, मनात येणाऱ्या वाईट विचारांनी भयभीत झालेल्या असतात. नमाजमध्ये नको ते विचार येतात, श्रद्धेविषयी शंका येतात, आपल्याच मुलाला काही होईल अशी भीती येते; आणि असा विचार मनात आला म्हणजे आपण ईमानातून गेलो, असे त्यांना वाटू लागते. प्रेषितांच्या सोबत्यांनीही नेमकी हीच तक्रार केली होती. आमच्या मनात असे काही येते की ते बोलून दाखविणेही आम्हाला घोर वाटते, असे त्यांनी सांगितले. प्रेषित (स.) यांनी विचारले, तुम्हाला खरेच असे वाटते? होय म्हटल्यावर त्यांनी ते स्पष्ट ईमान असल्याचे सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चोर रिकाम्या घरात शिरत नाही, असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात ते यासाठीच. आणि दुसऱ्या हदीसमध्ये ही खुशखबर आहे की मनात येणाऱ्या कुजबुजीला, जोवर मनुष्य ती बोलत नाही किंवा तिच्यावर कृती करीत नाही तोवर, अल्लाहने माफ केले आहे.

तेव्हा विचार येणे हा अपराध नाही. तो येत आहे हे ओळखणे आपले काम आहे. सूरह अल-आराफच्या २०१ व्या आयतीत ईशपरायण लोकांचे लक्षण असे वर्णिले आहे की सैतानाकडून एखादा विचार त्यांना स्पर्श करतो तेव्हा ते सावध होतात आणि लगेच त्यांना दिसू लागते. त्या विचारासाठी तेथे ‘ताइफ’ हा शब्द आहे, म्हणजे भोवती फिरणारा. ‘तवाफ’ हा शब्द त्याच धातूचा. विचार मनाभोवती कसा घिरट्या घालतो, हे ज्याने रात्री दोन वाजता छताकडे पाहत अनुभवले आहे, त्याला या शब्दाचे मोल कळेल. तसेच सूरह अन्नासमध्ये कुजबुज करणाऱ्याला ‘खन्नास’ म्हटले आहे. त्याचा अर्थ मागे सरणारा, दडणारा. ओळखला गेला की तो मागे सरतो.

इब्नुल कय्यिम (मृत्यू इ.स. १३५०) यांनी मनाला जात्याची उपमा दिली आहे. जाते फिरतच राहणार. त्यात धान्य घातले तर पीठ निघेल, वाळू आणि खडे घातले तर तेच दळले जाईल. आपल्या आजीने जात्यावर दळलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास आपण मोबाईलमधून या जात्यात काय ओततो, ते प्रत्येकाने आपले आपण पाहावे. कोणा वक्त्याने आपल्या समाजाला दिलेल्या शिव्यांची चित्रफीत, तिच्याखालची भांडणे, नातेवाइकाच्या नव्या घराचे फोटो. मग स्वप्ने चांगली कशी पडतील?

त्यांच्याही चारशे वर्षे आधी होऊन गेलेले अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. मनाच्या विकारांत त्यांनी राग, भय, दुःख आणि वस्वसा यांची स्वतंत्र चर्चा केली. त्यांची एक सूचना आपल्या गृहिणींना चटकन पटेल. शांत असताना हितकर विचार मनात साठवून ठेवावेत, जसे अडीनडीला उपयोगी पडावे म्हणून घरात औषध ठेवतात. वादळात बसून औषध कुटता येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांनी दुःखाचे दोन प्रकार केले: एक ज्याचे कारण माणसाला माहीत असते, आणि दुसरे ज्याचे कारण त्याला सापडत नाही. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात शोधले आणि त्यासाठी शारीरिक उपचारही सांगितले.

हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम विद्वानाला जे कळले ते आज आपल्या मोहल्ल्यात सांगण्याची वेळ आली आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन नाही, कारण विचारले तर सांगता येत नाही. किंवा वुजू पुन्हा पुन्हा करूनही झाल्याचे वाटत नाही, एका नमाजला तास लागतो, हात धुऊन धुऊन सोलले आहेत. अशा माणसाला ‘तुझे ईमान कमकुवत झाले’ म्हणणे हा अन्याय आहे. दुआ अवश्य करावी, आणि डॉक्टरकडेही न्यावे. अल्लाहने असा कोणताही रोग उतरविला नाही ज्याचा उपचार उतरविला नाही, ही बुखारीतील हदीस मधुमेहासाठी आहे आणि मनाच्या आजारासाठी नाही, असे कोणी म्हणू शकेल काय? गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

राहिला प्रश्न रोजच्या सवयीचा. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच आपला हिशेब घ्यावा, हा ह. उमर (रजि.) यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. दुसऱ्या हिजरी शतकात बसरा येथे जन्मलेले आणि बगदादमध्ये इ.स. ८५७ साली वारलेले हारिस यांना तर लोकांनी ‘मुहासिबी’, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणारा, हेच नाव दिले. इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्या’ या आपल्या विख्यात ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण या विषयाला दिले आहे आणि त्याची मांडणी व्यापाऱ्याच्या भाषेत केली आहे. तुमचे मन हा तुमचा भागीदार आहे. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवा, संध्याकाळी वही उघडून बसा. त्यापुढे नफ्सला शिक्षा करण्याच्याही पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत. त्या वाटेने जाण्याचे धाडस अनुभवी मार्गदर्शकाशिवाय कोणी करू नये, असे माझे मत आहे.

मी दुकानदार असल्यामुळे मला ही भाषा जवळची वाटते. गल्ल्यात रोज रात्री दहा-वीस रुपयांचा फरक पडतो. त्यासाठी दुकान बंद करायचे नसते आणि फरकाकडे डोळेझाकही करायची नसते. फरक कोठे पडला, एवढे शोधायचे. त्याप्रमाणे इशानंतर पाच मिनिटे. आज कोणत्या क्षणी माझा तोल गेला? त्याच्या आधी काय घडले होते? मी ज्याच्यावर रागावलो, राग त्याचाच होता काय? कोणाची पाने गोळा करून द्यायची राहिली आहेत? उत्तर मिळाले की इस्तिगफार करावा, ज्याचे देणे असेल त्याची माफी मागण्याचे ठरवावे, आणि झोपावे. वही रात्रभर उघडी ठेवून तिच्याकडे पाहत बसणे हाही एक वस्वसाच आहे.

कारण स्वतःकडे पाहण्याचाही अतिरेक होतो. प्रेषितांचे एक लेखनिक ह. हंजला (रजि.) एकदा व्याकूळ होऊन ह. अबू बक्र (रजि.) यांना भेटले आणि हंजला मुनाफिक झाला, असे म्हणू लागले. कारण काय, तर प्रेषितांच्या सहवासात असताना जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांनी दिसतात, आणि घरी बायकामुलांत व कामधंद्यात गेले की पुष्कळसे विसरायला होते. ह. अबू बक्र (रजि.) यांनी सांगितले की माझेही तसेच होते! दोघे प्रेषितांकडे गेले. प्रेषित (स.) यांनी सांगितले की तुमची ती अवस्था कायम राहिली असती तर देवदूतांनी तुमच्या बिछान्यांवर आणि वाटांवर तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, परंतु हंजला, एक घटका अशी आणि एक घटका तशी. एवढे सांगून त्यांनी त्यांना त्यांच्या घरी, त्यांच्या बायकामुलांकडे परत पाठविले.

त्या रात्री इशानंतर मी घरी गेलो, तेव्हा मुलगी सुटलेली पाने डिंकाने चिकटवीत होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि दुकानात काय झाले ते तिला सांगितले. चूक तुझी नव्हती, असे म्हटले आणि माफी मागितली. ती लगेच काही बोलली नाही. पाने क्रमाने लावायला मात्र तिने मला दिली. माफी मागितली म्हणजे सारे पुसले जाते, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. कित्येक महिने ती परीक्षेचे पेपर आईकडूनच सही करून घेत असे.

आता ती अकरावीत आहे. गेल्या काही महिन्यांपासून मी घरात पाऊल टाकले की ती आधी विचारते, “अब्बा, आज दुकान कसं होतं?” या प्रश्नाने बरेही वाटते आणि कोठेतरी टोचतेही, कारण तो तिला का शिकावा लागला ते मला ठाऊक आहे. परवा मी म्हणालो, “वाईट होतं. अर्धा तास दे.” तिने हातातला पेपर फळीवर ठेवला आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.